पाण्यातील वाट

पश्चिम रेल्वेच्या गाडीतून पालघर किंवा बोईसर स्थानकावर उतरले, म्हणजे दोन बाजूंना दोन निराळे प्रदेश लागतात. पश्चिमेस समुद्राकडे सपाट किनारपट्टी आहे. केळवे, तारापूर, चिंचणी ही गावे, त्यांच्या वाड्या, खाडीकाठची खाजणे आणि भातशेते या बाजूस आहेत. तारापूर येथे 1969 साली भारतातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि बोईसरजवळ मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. त्यामुळे तिकडे पक्क्या रस्त्यांची सोय बरी आहे. पूर्वेस मात्र मनोर सोडून पुढे गेले की भूमी उंचसखल होऊ लागते आणि विक्रमगड, जव्हार, मोखाडा या भागांत सह्याद्रीचे डोंगर सुरू होतात. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा तो हाच.

या डोंगरांवर पावसाळ्यात पडणारे पाणी अनेक वाटांनी खाली येते. सूर्या, पिंजाळ, देहर्जे या नद्या ते गोळा करतात आणि त्र्यंबकेश्वराच्या परिसरात उगम पावलेल्या वैतरणेस नेऊन देतात. मोठ्या नद्यांवर मोठे पूल आहेत. परंतु त्यांना मिळणारे ओढे, नाले आणि ओहोळ असंख्य आहेत, आणि त्या प्रत्येकावर उंच पूल बांधणे सोपे नाही. अशा ठिकाणी पात्राच्या तळालगत दगडकाँक्रीटची सपाट वाट बांधतात. तिला फरशी किंवा फरशीपूल म्हणतात. तिच्या पोटातून सिमेंटचे नळ घातलेले असतात. एरवी ओढ्याचे पाणी नळांतून वाहते आणि गाड्या वरून जातात. पूर आला म्हणजे नळ पुरे पडत नाहीत; त्यांच्या तोंडाशी फांद्या व पालापाचोळा अडकला तर मुळीच पुरत नाहीत. मग पाणी फरशीवरून वाहू लागते, आणि वाट तेथेच असूनही दिसेनाशी होते.

श्रावणातील असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. सकाळची वेळ आहे. डोंगराकडील एका पाड्यावरून एक जीप मनोरकडे निघाली आहे. जीपमध्ये आठ माणसे आहेत. त्यांत एक आई आपल्या तापाने फणफणलेल्या मुलास मांडीवर घेऊन बसली आहे. मुलास मनोरच्या दवाखान्यात न्यावयाचे आहे. वाटेतील ओढ्यापाशी जीप येते आणि थांबते. फरशी पाण्याखाली गेली आहे. तिच्या दोन्ही कडांना पांढरे रंगविलेले खुणेचे दगड असतात. त्यांतील दोन-तीन दगडांचे माथे तेवढे दिसत आहेत. पाणी गढूळ, तांबूस आहे. पलीकडचा काठ तीस पावलांहून दूर नाही.

काठावर एक वृद्ध वारली शेतकरी घोंगडी पांघरून उभा आहे.

"दादा, थांबा," तो चालकास म्हणतो, "पाणी अजून चढतंय."

"बाबा, पोरगं आजारी आहे. जीप दणकट आहे, जाईल की."

"जीप दणकट आहे, पण पाणी तुमच्या जीपला ओळखत नाही. ही काठी बघा."

वृद्धाने पाण्याच्या कडेशी चिखलात एक काठी रोवलेली असते. मघाशी ती कोरड्यात होती. आता तिच्या बुडाभोवती पाणी वीतभर चढले आहे. चालक काठीकडे पाहतो, मांडीवर मूल घेतलेल्या आईकडे पाहतो आणि इंजिन बंद करतो. आईच्या डोळ्यांत पाणी येते, कारण पलीकडचा काठ इतका जवळ आहे.

चालकाने केले ते योग्य की भित्रेपणाचे, हे ठरवावयाचे असेल तर वाहत्या पाण्यात शिरलेल्या गाडीचे काय होते ते समजून घेतले पाहिजे.

गाडी पुढे जाते ती केवळ इंजिनाच्या जोरावर नव्हे. चाक जमिनीस धरून ठेवते म्हणून गाडी पुढे जाते. आणि चाकाची ही पकड गाडीच्या वजनामुळे मिळते. भरलेली गाडी जमिनीवर घट्ट बसते, रिकामी गाडी चिखलात लवकर घसरते, हे बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्यासही ठाऊक असते. पाणी नेमके हे वजनच काढून घेते. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर उचलतो, हा आर्किमिडीजचा नियम होय. तो या ओढ्यासही लागू आहे.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन 1000 किलोग्रॅम असते. जीपच्या खालच्या भागाची लांबी 4 मीटर आणि रुंदी दीड मीटर धरली, तर तिचे क्षेत्रफळ 6 चौरस मीटर झाले. पाणी जीपच्या तळापासून 10 सेंटिमीटर वर चढले की 0.6 घनमीटर पाणी बाजूस सारले जाते, म्हणजे 600 किलोग्रॅम वजन नाहीसे झाल्यासारखे होते. माणसांसह जीपचे वजन 1800 किलोग्रॅम असेल तर पाणी तळापासून 30 सेंटिमीटर चढताच जमिनीवर भार असा उरत नाही. फटींतून थोडे पाणी आत शिरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे बदलतात; पण फार नाही. लहान मोटारीचा तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असतो आणि तिचे वजनही कमी असते. म्हणून प्रौढ माणसाच्या गुडघ्याएवढे पाणी तिला तरंगविण्यास पुरते. ज्या पाण्यात मनुष्य उभा राहू शकतो त्यात मोटार बुडत नाही, हा पुष्कळांचा समज असतो. मोटार बुडत नाही हे खरे. ती तरंगते आणि वाहून जाते.

तरंगण्याच्याही आधी दुसरा धोका असतो. प्रवाह गाडीस बाजूने ढकलतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर हा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर नऊपट होतो. एकीकडे वजन घटत असते, दुसरीकडे रेटा वाढत असतो. अशा वेळी चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळत असला तरी त्याचा उपयोग नाही, कारण जे चाक जमिनीवर टेकतच नाही त्याला फिरवून काय मिळणार? चालकाने सुकाणूचक्र कितीही वळविले तरी गाडी फरशीच्या कडेकडे सरकत जाते. कडेच्या खाली बहुधा डोह असतो, कारण फरशीवरून कोसळणाऱ्या पाण्याने तेथील तळ उकरलेला असतो.

मग पूर्वी बैलगाड्या नद्या कशा ओलांडीत? तेव्हा फरशी नव्हती. नदीला जेथे उतार असेल तेथूनच गाडीवाट जाई. बैलगाडीचे चाक उंच असते. तुंबा आणि कणा पाण्याच्या वर राहतात. आऱ्यांच्या मधून पाणी निघून जाते, म्हणून प्रवाहास अडण्यास जागा थोडी मिळते. भिजून बंद पडेल असे इंजिन तर तिला नसतेच. शिवाय बैलाला स्वतःचा जीव असतो. पायाखाली तळ लागेनासा झाला की तो थबकतो आणि गाडीवानाने कितीही हाकले तरी पुढे जात नाही. मोटारीस हे शहाणपण नाही. तिच्या वतीने चालकालाच थबकावे लागते.

आफ्रिका खंडात हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर येतो. केनियातील मसाई मारा आणि त्यास लागून असलेले टांझानियातील सेरेंगेटी ही वन्य प्राण्यांची विस्तीर्ण अभयारण्ये आहेत. ती पाहावयास जगभरातून लोक जातात. त्या प्रवासास सफारी म्हणतात. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला आहे आणि तो अरबी शब्द 'सफर' यावरून आला आहे. मराठीतील सफर तीच. गवताळ मैदानांत डांबरी रस्ते नसतात; गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या हेच रस्ते. पूलही थोडे. मारा नदी आणि तिला मिळणारे ओढे पार करावयाचे, तर अनेक ठिकाणी गाडी पाण्यातच घालावी लागते. त्यासाठी उंच तळाच्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या वापरतात. हवा आत घेण्याची नळी इंजिनाजवळ न ठेवता तिचे तोंड छपरापर्यंत उंच नेतात, म्हणजे इंजिनास जणू मान वर करून श्वास घेता येतो.

या उंच नळीचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वर-खाली होतो आणि आत आलेली हवा दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. नळकांड्यात पाणी शिरले तर दट्ट्या अडतो, त्याचा दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होते. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी तेथल्या तेथे पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न जाणता चालक करीत नाही. तो ती दोराने ओढून बाहेर काढतो.

आफ्रिकेतील अनुभवी चालक पाण्यात शिरण्यापूर्वी बराच वेळ नुसता पाहत राहतो. पाणी कोठे पसरून खळखळत आहे आणि कोठे आकसून संथ झाले आहे, हे तो पाहतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मराठीत माणसांविषयी वापरतात. नदी ओलांडणाऱ्याने ती शब्दशः घ्यावी. आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या पलीकडे कोठे बाहेर पडल्या आहेत, तेथील चढण निसरडी आहे काय, हेही तो पाहतो, कारण पाणी पार करून चढणीवर अडकलेली गाडी मागे घसरून पुन्हा पाण्यात येते. भारतात अशा वेळी एखादा मनुष्य काठीने तळ चाचपत पुढे चालतो. प्रवाहाकडे तोंड करून, काठी पुढे रोवून, एक एक पाऊल बाजूस सरकावयाचे, अशी ही रीत आहे. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाचे असेल तर हेही करावयाचे नसते. आफ्रिकेतील कित्येक नद्यांत मात्र पायी उतरणेच अशक्य असते, कारण त्यांत मगरी आणि पाणघोडे असतात. पाणघोडा गवत खाणारा असला तरी माणसाच्या दृष्टीने अत्यंत धोकादायक प्राणी आहे.

पाण्यात गाडी घातली की चालक ती पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, एकसारखी नेतो. मध्ये गिअर बदलत नाही आणि क्लच दाबीत नाही. या वेगाने गाडीच्या पुढे पाण्याची एक लहान लाट तयार होते आणि तिच्यामागे, इंजिनाच्या भोवती, पाण्याची पातळी किंचित खाली राहते. घाईने गाडी दामटली तर पाणी उसळून इंजिनावर येते. फार रेंगाळले तर लाट मोडते आणि पाणी सर्व बाजूंनी चढते. एका पार्टीत पाणी उडवीत भरधाव जाणाऱ्या गाड्यांची चित्रे पाहावयास छान वाटतात. नदीकाठी राहणारा मनुष्य मात्र तसे कधी करणार नाही.

चिखलाचा त्रास दोन्हीकडे सारखाच. पूर्व आफ्रिकेच्या मैदानांत पुष्कळ ठिकाणी काळी चिकण माती आहे. महाराष्ट्राच्या पठारावरील कापसाच्या काळ्या मातीस इंग्रजीत जे नाव आहे तेच त्या मातीसही दिलेले आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून लोण्यासारखी होते. टायरच्या खाचा तिने भरल्या की टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी जोराने चाक फिरविणारा चालक स्वतःच्या गाडीसाठी खड्डाच खणत असतो. चाकापुढची माती उकरून तेथे फांद्या, पेंढा किंवा चपटे दगड घालणे आणि गाडी हळूच पुढे काढणे, हाच उपाय. वाळूत आणखी एक युक्ती करतात. टायरमध्ये दर चौरस इंचास 30 पौंड हवा असेल तर ती 18 पौंडांपर्यंत कमी करतात. टायर पसरतो, वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक रुतत नाही. उंटाचा पाय रुंद असतो तो याच कारणाने. पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरावी लागते, हे मात्र विसरून चालत नाही.

वाळूचा हा अनुभव घेण्यास आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. केळवे किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पुळण दूरवर उघडी पडते आणि रस्त्यासारखी टणक दिसते. एखादा पाहुणा मोटार तिच्यावर नेतो. पाण्याजवळची ओली वाळू पाहता पाहता चाकांखालून निसटते, मोटार बसते आणि तेवढ्यात भरती सुरू होते. किनारा सपाट असल्याने पाणी थोडे चढले तरी पुष्कळ आत येते. किनाऱ्यावरच्या लोकांस घड्याळाइतकीच तिथी महत्त्वाची वाटते ती यामुळे. तिथीच्या आकड्यास पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थी असेल तर चारच्या पाऊणपट तीन; म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्याआधी व नंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. मोटार ओढून काढण्यास ट्रॅक्टर बोलवावा लागला म्हणजे पाहुण्यास ही तिथी कायमची पाठ होते.

समुद्राची वेळ अशी आधी सांगता येते. नदीच्या पुराची येत नाही. केनियाच्या उत्तरेकडील कोरड्या प्रदेशात वाळूने भरलेली नदीपात्रे आहेत. वर्षातील बहुतेक दिवस ती कोरडी असतात. दूर डोंगरात पाऊस पडला की डोक्यावर स्वच्छ ऊन असताना त्यांतून एकाएकी पाण्याचा लोंढा येतो. म्हणून तेथे पात्रात मुक्काम करीत नाहीत. पालघर-बोईसरच्या बाजूसही हे घडते. मनोरला उघडीप असते, परंतु जव्हारच्या डोंगरात रात्रभर पाऊस झालेला असतो. ते पाणी काही वेळाने खाली पोचते. सूर्या नदीवर धामणी येथे धरण आहे आणि त्याखाली कवडास येथे बंधारा आहे. धरण भरत आले की दरवाजे उघडावे लागतात. त्याची सूचना नदीकाठच्या गावांना आधी दिली जाते, आणि ती ऐकूनही मासे धरावयास पात्रात उतरणारे लोक असतातच.

उंच पूल असला म्हणजे काळजी संपली, असेही नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीचा दगडी पूल होता. तो 1928 साली बांधलेला होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महापुरात तो कोसळला. अंधारात वाहनचालकांना पुढे पूल नाही हे दिसले नाही. एस. टी.च्या दोन गाड्या आणि आणखी वाहने प्रवाशांसह पुरात गेली. 2017 च्या जून महिन्यात तेथे नवा पूल वाहतुकीस खुला झाला.

ओढ्याकाठच्या त्या जीपमधील माणसे थांबली होती. लहान ओढ्याचा एक गुण असा, की तो लवकर चढतो तसा लवकर उतरतोही. त्याच्या पाठीमागे डोंगराचा थोडाच भाग असतो. तेथील पाऊस थांबला की दोन-तीन तासांत जोर ओसरतो. मोठी नदी दिवस दिवस उतरत नाही. वृद्ध शेतकऱ्याने मुलासाठी जवळच्या घरातून गरम पेज आणविली. आईने ओल्या फडक्याची घडी त्याच्या कपाळावर ठेवली. मधून मधून चालक उठून काठी पाहून येई.

दुपारी काठी पुन्हा कोरड्यात आली. खुणेचे सगळे दगड ओळीने दिसू लागले. वृद्ध फरशीवर उतरला आणि आपली काठी टेकीत पलीकडे जाऊन परत आला. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत होते. मध्ये एके ठिकाणी काँक्रीटचा तुकडा निघून खड्डा पडला होता. सकाळी तो पाण्याखाली कोणास दिसला नसता. त्याने तेथे एक फांदी उभी केली.

"आता जा, दादा. फांदीच्या उजव्या अंगानं जा."

चालकाने माणसांना खाली उतरवून पायी पुढे पाठविले. आई आणि मूल तेवढे आत राहिले. जीप पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पलीकडे गेली आणि चढण चढून रस्त्यास लागली. तेथे चालकाने ती जरा पुढे नेत चार-पाच वेळा ब्रेक दाबून पाहिले, कारण भिजलेले ब्रेक लगेच धरीत नाहीत. ते धरू लागल्यावर त्याने मागची माणसे आत घेतली आणि जीप मनोरच्या वाटेने निघाली.